अर्धा लिथुआनिया

जगाचा व्यापार नेमकं कोण चालवतं, याबद्दल शहाण्या माणसांत मतभेद आहेत असं मी ऐकून आहे. आमच्या शाळेत असले मतभेद नव्हते. जगाचा व्यापार आमचे भूगोलाचे सर चालवत होते. वसईला पापडीजवळच्या एका मराठी शाळेत, शिक्षकांच्या खोलीतल्या खिडकीकडच्या खुर्चीत बसून, एका हाताने डब्यातली वालाची भाजी खात आणि दुसऱ्या हाताने वर्तमानपत्राचं आर्थिक पान सावरत, हा माणूस तेलाचे भाव, डॉलरची चाल आणि ब्राझीलमधल्या कॉफीची काळजी वाहायचा. ब्राझीलला याची कल्पना नव्हती, हा ब्राझीलचा दोष. मी तेव्हा विरारहून एसटीने येऊन तिथे मराठी शिकवत असे, आणि माझं नशीब असं थोर की माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटून होतं. मुलांच्या निबंधाच्या वह्या तपासायला मी लाल पेन उघडायचा अवकाश, सर म्हणायचे, "बाई, हे पेन कुठे बनलं माहीत आहे?" मला माहीत नसायचं. मला माहीत करून घ्यायचंही नसायचं. पण सर ते सांगितल्याशिवाय टोपण लावू देत नसत.

सर इथलेच. खाडीकाठच्या शेतकरी घरातले. थोरला भाऊ केळीची वाडी बघायचा आणि हे शिकून मास्तर झाले. वर्गात त्यांची भाषा छापील असायची; पण राग आला, की त्यांच्या बोलण्यातून आधी 'ण' पळून जायचा आणि मागोमाग वर्गातली मुलं. "कोन बोलला रे?" असा आवाज घुमला, की शेजारच्या वर्गात मीसुद्धा गप्प बसायचे. एरवी मात्र माणूस गरीब. मुलांना जन्मभर सांगत आले, की जोखीम घ्या, जग जोखीम घेणाऱ्यांचं आहे. आणि स्वतः पौष महिन्यात छत्री घेऊन शाळेत येत. वसईची खाडी ओलांडून मुंबईला जायचं असलं, तर दोन दिवस आधी घरी जाहीर करत आणि दोन वेळचा डबा बरोबर नेत. परदेशी जाणं सोडाच, पुण्यालाही ते एकदाच गेले होते, तेही वऱ्हाडी म्हणून. पण 'रॉटरडॅमच्या बंदरात गर्दी वाढली आहे' हे वाक्य ते अशा थाटात म्हणत, जसं काही सकाळी तिकडून येतानाच अडकले होते.

त्यांची खरी खोड म्हणजे वस्तू उलटी करून बघण्याची. कोणतीही वस्तू हातात आली, की ती कुठे बनली हे वाचल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे. कुणाकडे चहाला गेले, की भरलेला कप डोक्याच्या वर धरून बुडाकडून वाचत. यजमानीण बिचारी खाली फडकं घेऊन उभी. एका बारशाला त्यांनी पाळण्यातला खुळखुळा काढून घेतला, उलटा केला, "चीन" असं जाहीर केलं आणि रडणाऱ्या बाळाला परत न देताच पुढच्या माणसाला दाखवायला नेला. पण कळस केला तो तपासणीच्या दिवशी. तालुक्याहून एक साहेब शाळा तपासायला आले होते. मेव्हण्याने अमेरिकेहून खास आणलेला शर्ट घालून आले होते आणि ही माहिती त्यांनी फाटकापासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत तीन वेळा दिली होती. सर शांतपणे उठले, साहेबांच्या मागे गेले, दोन बोटांनी त्यांची कॉलर उलटी केली आणि म्हणाले, "मेव्हणे अमेरिकेचे असतील साहेब, शर्ट बांगलादेशचा आहे." त्या वर्षीचा शेरा कसा आला असेल हे मी सांगायला नको. सरांना मात्र आपण साहेबांच्या ज्ञानात भर घातली याचं समाधान होतं, आणि वर ते मला म्हणाले, की साहेबांचे डोळे भरून आले होते.

सरांच्या वर्गात जगाचा एक नकाशा होता. शाळेने तो घेतला तेव्हा त्यावर सोव्हिएत संघ चांगला धडधाकट होता. पुढे तो फुटला. शाळेकडे नवीन नकाशाला पैसे नव्हते, म्हणून सरांनी वर्तमानपत्रातलं चित्र समोर ठेवून बॉलपेनने तो देश स्वतःच फोडला. एका दुपारी त्यांनी तेरा-चौदा राष्ट्रं मोकळी केली, अगदी मधल्या सुटीत डबा न खाता. शेवटी लिथुआनियाशी आले आणि रिफील संपली. दुसऱ्या पेनाची शाई जुळेना, आणि दोन रंगांची सरहद्द सरांना पसंत नव्हती. तेव्हापासून आमच्या शाळेत लिथुआनिया अर्धाच राहिला. दरवर्षी मुलं विचारायची, सर दरवर्षी सांगायचे की तशी रिफील मिळाली की करू. एका अख्ख्या राष्ट्राला आमच्या शाळेने रिफीलवाचून ताटकळत ठेवलं होतं आणि त्यांच्याकडून कधी एक शब्द आला नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. शनिवारी शेवटचा तास कार्यानुभवाचा असायचा. त्या तासाला मुलं मेणबत्त्या नाहीतर कागदाची फुलं करत, आणि ती फुलं पुढच्या शनिवारपर्यंत शाळेचा झाडू गोळा करत असे. त्या दिवसांत पेपरात जागतिकीकरण, खुली बाजारपेठ असे शब्द रोज यायला लागले होते. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! सरांनी सातवी 'ब'चा तो तास मागून घेतला आणि कागदी फुलांच्या जागी जागतिक व्यापार सुरू केला. त्या तासाला ते टाय लावून येत. पुतण्याने आखातातून आणलेला, मरून रंगाचा, वर सोनेरी जहाजं. खाली बुशशर्ट आणि त्याखाली रबरी चपला. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गाची कंपनी स्थापन केली आणि पदं वाटली. बेचाळीस मुलं, बेचाळीस अधिकारी. विक्रीप्रमुख, जाहिरातप्रमुख, हवामानप्रमुखसुद्धा. काम करणारा म्हणून कोणी उरलाच नाही, तेव्हा शाळेच्या शिपाईमामांना वाहतूकप्रमुख केलं. मामा त्या दिवसापासून घंटा उशिरा द्यायला लागले. अधिकारी माणूस, त्याला कोण विचारणार?

शिकवण्याची पद्धतही अशीच. दर शनिवारी एका मुलाचा डबा टेबलावर यायचा आणि त्याची चिरफाड व्हायची. बटाटा कुठून आला? समुद्रापलीकडून. मिरची? तीही. पाव? पोर्तुगीजांबरोबर. काजू? तसेच. डब्यातलं अर्धं जग फिरून होईपर्यंत तास संपायचा, आणि डब्याचा मालक उपाशी घरी जायचा. मग एकदा सर मुलांना सोपारा बंदर दाखवायला घेऊन गेले. दोन हजार वर्षांपूर्वी इथे जहाजं लागत होती, असं ते आठवडाभर सांगत होते, आणि मलाही 'शिस्तीसाठी' म्हणून ओढून नेलं. नालासोपाऱ्यात उतरून आम्ही तासभर बंदर शोधलं. सापडलं काय, तर चार मजली इमारती, एक डबकं, त्यात दोन म्हशी आणि कडेला चायनीजची गाडी. मुलं हिरमुसली. सर मात्र फुलले. म्हणाले, बघा, बंदर गेलं तरी व्यापार गेलेला नाही, चीन अजून इथे येतोच आहे. मग गाडीवाल्याकडे जाऊन सॉसची बाटली त्यांनी उलटी केली. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. "सॉस कहाँ से आता है?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "विरार से, साब." सरांनी बाटली हळूच जागेवर ठेवली आणि मुलांना रांगेत उभं राहायला सांगितलं.

एक दिवस मी त्यांना तोंडावर विचारलं. म्हटलं, सर, ही पोरं शेवटी बँकेत नाहीतर कारखान्यात लागणार. त्यांना रॉटरडॅम कशाला? मला वाटलं चिडतील. ते पेपराची घडी घालत बसले. मग म्हणाले, "बाई, माझ्या बापाने जन्मभर केळी पिकवली. दलाल यायचा, घड बघायचा, टेम्पो भरून न्यायचा. ती केळी कुठे जातात, कोण खातं, त्याला आवडतात की नाही, हे माझ्या बापाला मरेपर्यंत माहीत नव्हतं. पोरांना तेवढं तरी कळू दे." या माणसाची थट्टा करायला म्हणून मी तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. मग नेहमीच्या सुरात त्यांनी सिद्धांत सांगितला, जो पुढे मुलांनी पाठ केला. ओळखीच्या माणसाला विकणं हा व्यापार नाही, तो पाहुणचार. ज्याने तुमचं गाव पाहिलेलं नाही, जो तुम्हाला ओळखत नाही, अशा परक्या माणसाने तुमच्या मालासाठी स्वतःच्या खिशात हात घातला, तर तो व्यापार. असा एक तरी परका माणूस निवृत्त होण्याआधी आपल्या मुलांना मिळवून द्यायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

त्यात आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, या तासाच्या मागे लागल्या. त्या गणिताच्या. सातवीच्या शिष्यवृत्तीत त्या वर्षी आमचं एकही मूल आलं नव्हतं, आणि शनिवारी मुलं त्रैराशिकाऐवजी टाय बघत बसतात हे त्यांना पटणं शक्य नव्हतं. त्यांनी सरळ सांगितलं, की जूनपासून तो तास गणिताला जाईल. सर म्हणाले, त्याआधी जानेवारीत कंपनी एक माल परदेशी पाठवेल. मोठ्या बाई हसल्या. त्या सहसा हसत नसत, त्यामुळे तो शब्दच झाला. गेला माल परदेशी तर तास राहील, नाही गेला तर गणित. सगळ्या शाळेला ही पैज कळली. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं मी मनात म्हटलं; मोठ्याने म्हणण्याची ती वेळ नव्हती.

माल कोणता, यावर वर्गात मतदान झालं आणि सुकेळी जिंकली. वसईबाहेरच्या माणसासाठी सांगते: राजेळी केळी पिकली, की सोलून आठवडाभर उन्हात सुकवायची, मधासारखी तपकिरी, चिवट, गोड झाली की केळीच्याच वाळक्या सोपटात गुंडाळून बांधायची. वर्गात एक मुलगी होती, दोन वेण्या, आवाज इतका बारीक की हजेरी घेताना मी दर वेळी मान वर करून बघायचे. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सुकेळी करत. सरांनी तिला उत्पादनप्रमुख केलं. मग दोन रविवार तिच्या अंगणात सगळी कंपनी बसली. अधिकाऱ्यांनी केळी सोलली, हवामानप्रमुखाने आभाळाकडे बघितलं, आणि कावळे हाकायला स्वतः सर काठी घेऊन उभे राहिले. साठ पुड्या झाल्या. प्रत्येकीवर लाल स्केचपेनने लिहिलेली चिठ्ठी: 'वसईची सुकेळी. निर्यातीसाठी.' परदेशाची सोयही झाली होती. सरांचा एक जुना विद्यार्थी मस्कतला एका मोठ्या दुकानात मॅनेजर होता. तो बहिणीच्या लग्नाला गावी येणार होता आणि परतताना पुड्या नेऊन दुकानात मांडून बघणार होता. शनिवारी शाळेत येऊन माल ताब्यात घेणार, रविवारी विमान.

त्याच्या आदल्या शनिवारी सरांनी जो धडा शिकवला, तो त्यांनी शिकवला नसता तर आज मी हे लिहीत बसले नसते. त्यांनी सांगितलं, की परका माणूस चव घेतल्याशिवाय माल घेत नाही. म्हणून पहिला माल नमुना म्हणून वाटायचा, फुकट द्यायचा, हात आखडता घ्यायचा नाही. किती वाटायचा आणि कोणाला, हे ते पुढे सांगणार होते, पण तेवढ्यात घंटा झाली. वाहतूकप्रमुखांनी नेमकी त्या दिवशी ती वेळेवर दिली.

आता या गावांत वाढलेल्या मुलांना पहिला माल वाटणं कोणी शिकवावं लागतं का? वाडीतलं पहिलं पीक, झाडाचं पहिलं फळ, घरात केलेला पहिला पदार्थ शेजारीपाजारी वानवळा म्हणून द्यायचाच असतो. आधी देवाला, मग माणसांना, मग उरलं तर बाजाराला. आणि ज्या घरी वानवळा जातो, त्या घरातून पिशवी रिकामी परत येत नाही. पोरांना वाटलं, हे तर आपल्याला येतंच की. मस्कतलाही अशीच पद्धत आहे म्हणजे चांगले लोक दिसतात. मंगळवारी उत्पादनप्रमुख माझ्याकडे कापडी पिशवी घेऊन आली आणि माझ्या हातात एक पुडी ठेवली. मी पुडीवरची चिठ्ठी वाचली. मराठीची शिक्षिका, वाचणारच. 'निर्यातीसाठी'मधले ऱ्हस्व-दीर्घ तपासले, बरोबर होते. कौतुक वाटलं. मग तिच्या पिशवीत माहेरची मूठभर आमसुलं घातली, घरी गेले आणि सुकेळी खाल्ली. यजमानांना दोन दिली. डोकं म्हणून जे काही मला देवाने दिलंय, ते त्या दिवशी कुठे गेलं होतं कोण जाणे!

शनिवारी सभागृहात टेबल मांडलं, त्यावर चादर. मोठ्या बाई खुर्चीत. मस्कतचा पाहुणा अत्तराचा वास दरवळवत आत आला आणि सरांच्या पाया पडला. सरांच्या टायवरची जहाजं चमकत होती. चार मुलांनी मिळून खोका आणला. सरांनी छोटं भाषण केलं, त्यात रॉटरडॅम दोनदा आलं, आणि मग स्वतःच्या हाताने खोका उघडला. आत दोन नारळ होते. पेरू होते. सुकट होती, कागदात बांधलेली. मिठागरावरचं मीठ, चर्चमधल्या दोन मेणबत्त्या, अबोलीचा गजरा, पोह्याचे पापड, आणि माझी आमसुलं. सुकेळ्यांची एकही पुडी नव्हती. सगळ्या साठ गावात गेल्या होत्या, आणि त्यांच्या बदल्यात जे आलं ते मुलांनी प्रामाणिकपणे खोक्यात भरून आणलं होतं. पाहुण्याला वाटलं हा आपला सत्कार आहे, त्याने नारळ उचलून कपाळाला लावला.

विक्रीप्रमुखाने यादी वाचली. कोणाला दिली, काय परत आलं. फादरना दिली, देवळात ठेवली, पोस्टमनला दिली, मोठ्या बाईंच्या घरी दिली. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. सरांचा चेहरा मी बघत होते आणि आता 'ण' जाणार, पोरं पळणार, अशी तयारी करून होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, एक मी खाल्ली." तेवढ्यात ती बारीक आवाजाची मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या घरी पन दिली. काकींनी घेतली. तुम्ही चहा घेत होता." सगळे सरांकडे बघायला लागले. जगातली कपबशी, कॉलर, खुळखुळा उलटा करून वाचणारा हा माणूस; बुधवारी त्याने चहाबरोबर चार सुकेळी खाल्ली आणि ती कुठून आली हे विचारलं नव्हतं. घरचीच चव होती, विचारायचं काय?

त्यांनी टाय काढला. नीट गुंडाळला, खिशात ठेवला. "पोरांचं काही चुकलं नाही," ते म्हणाले, "नमुना किती द्यायचा ते मीच सांगितलं नाय. मी पन खाल्ली." आवाज चढला नव्हता, तरी 'ण' गेला होता. असं मी पहिल्यांदाच ऐकलं. पाहुण्याला ताजी सुकेळी द्यायला एक दिवसात होतात थोडीच? तो रविवारी रिकाम्या हाताने गेला; म्हणजे पेरू आणि नारळ घेऊन गेला. जूनमध्ये शनिवारच्या शेवटच्या तासाला त्रैराशिक सुरू झालं. मोठ्या बाईंनी पुडी खाल्ली होती, पण त्याचा वेळापत्रकाशी संबंध लावायला त्या काही आमच्यासारख्या भोळ्या नव्हत्या. सर त्या तासाला शिक्षकांच्या खोलीत बसायचे. पेपर समोर असायचा, पण पान उलटत नसे. मला वह्या तपासायला भरपूर वेळ मिळायला लागला, आणि खोटं कशाला सांगू, तो मला नकोसा झाला.

सर निवृत्त झाले तेव्हा शाळेने शाल आणि श्रीफळ दिलं. आणखी काय हवं असं विचारल्यावर त्यांनी तो जुना नकाशा मागितला. नवीन आलाच होता, दिला. मी अधूनमधून त्यांच्या घरी जायचे. नकाशा ओटीवर भिंतीला लावलेला होता. पुढे काही वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, डोळ्यांनीही साथ सोडली. मी भेटायला गेले की ते पहिल्यांदा माझी पर्स डाव्या हाताने चाचपून उलटी करायचे आणि म्हणायचे, बाई, वाचा. मी वाचायचे. कधी लिहिलेलं नसलं तर मनाने एखादा देश सांगायचे. इतकं पाप मला माफ आहे.

एकदा अशीच बसले असताना ती आली. उत्पादनप्रमुख. साडी नेसलेली, आवाज तेवढाच बारीक. आता ती आणि गावातल्या आठ-दहा बायका मिळून सुकेळी करतात, हे मला ऐकून माहीत होतं. दरवर्षी हंगामाची पहिली पुडी ती सरांना आणून देत असे. पुडी सरांच्या हातात ठेवून तिने सांगितलं, की सर, या वर्षी माल परदेशी गेला. सर उशीला टेकून बसले होते, ते सावरून बसले. मस्कतला का, त्यांनी विचारलं. नाही म्हणाली, लांब. कोणी ओळखीचा असेल, सर म्हणाले. नाही म्हणाली. मग ओळखीच्याच्या ओळखीचा असेल. आखातात काय, लंडनला काय, वसईची माणसं कुठे नाहीत? कोणीतरी आपलंच माणूस असेल, प्रेमाने घेतलं असेल. म्हातारा काही केल्या विश्वास ठेवेना. तेव्हा तिने जरा लाजतच पर्समधून एक कागद काढला. म्हणाली, दाखवणार नव्हते, पण त्याची तक्रार आली आहे.

इंग्रजीत होती. तिने मराठीत सांगितली. कुठल्यातरी थंड गावातला एक दुकानदार होता. त्याने लिहिलं होतं, की चित्रात माल सोनेरी दिसतो, प्रत्यक्षात तपकिरी आहे. हाताला चिकटतो. फार गोड आहे. आणि पाकिटाच्या ऐवजी तुम्ही तो वाळक्या कचऱ्यात गुंडाळून पाठवला आहे, तरी पैसे परत करावेत. माझा तर संतापच झाला. सोपटाला कचरा म्हणतो मेला! पण सरांकडे बघितलं तर त्यांचा अर्धा चेहरा, जेवढा चालत होता तेवढा, हसत होता.

"नावं ठेवली?" ते म्हणाले. "वानवळ्याला कोणी नावं ठेवत नाही. बाई, हा खरंच परका माणूस आहे." तिच्याकडून त्यांनी ती तक्रार पुन्हा वाचून घेतली. कचऱ्याच्या वाक्याशी आल्यावर आणखी एकदा. मग विचारलं, की पैसे परत दिले का? दिले, ती म्हणाली. आणि वर दोन पुड्या पाठवल्या, कशा खायच्या ते लिहून. "फुकट?" "हो सर." सरांनी डोळे मिटले. म्हणाले, अजून तशीच आहेस. मग मान उशीला टेकवली. मला वाटलं झोप लागली. पण त्यांनी हळूच विचारलं, की कुठे गेली म्हणालीस आपली केळी?

ती म्हणाली, "लिथुआनिया."

सरांच्या बायकोला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला, आणि मी उगाच खिडकीबाहेर बघायला लागले, कारण माझे डोळे त्या तपासणीच्या साहेबांसारखे व्हायला लागले होते. सर म्हणाले, बाई, पेन आहे ना? माझ्याकडे लाल होतं. तेच चालेल म्हणाले. ज्या माणसाने शाई जुळत नाही म्हणून एका राष्ट्राला इतकी वर्षं अर्धं ठेवलं, तो लाल रंगाला तयार झाला! मी स्टुलावर चढले. ती उत्पादनप्रमुख मला खालून सांगत होती, इथून वर, आता डावीकडे, समुद्राला लावा. मी मराठीची बाई, मला देश काढायची सवय नाही. रेघ थरथरली. खाली उतरून सरांना म्हटलं, झाला पूर्ण, पण जरा वाकडा आला आहे. त्यांना दिसत नव्हतं, तरी त्यांनी मान तिकडे वळवली आणि म्हणाले, "असू दे. त्यांना खटकलं तर करतील तक्रार."

निघताना त्यांनी बायकोला हाक मारून सांगितलं, की तिची पिशवी रिकामी जाऊ देऊ नको. काकींनी त्यात नारळ घातला. सरांनी मरून टाय मागवला, डाव्या हाताने कसाबसा गुंडाळला आणि नारळावर ठेवला.

सर गेले त्या पावसाळ्यात. आता पहिली पुडी ती काकींना देते आणि दुसरी मला. मी ती आधी उलटी करते. खाली छापलेलं असतं: पापडी, वसई. पोरीला माहीत आहे की मला ते पाठ आहे, तरी ती मी वाचेपर्यंत थांबते. नकाशा काकींच्या ओटीवर अजून आहे, निळ्या रेघांच्या गर्दीत तेवढी एक लाल रेघ. लिथुआनियाकडून तिच्याबद्दल आजपर्यंत काही तक्रार आलेली नाही. आली, की सरांना वाचून दाखवू असं अजूनही मनात येतं, आणि मग आठवतं.